कृष्णेचा उजवा काठ

पुण्याहून कोल्हापूरला हायवेने निघालेला माणूस टोलनाके मोजतो, नद्या मोजत नाही. त्याने एकदा मोजून पाहाव्यात. शिरवळला नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. खंबाटकी चढून उतरलं की भुईंजला कृष्णा. मग कुडाळी. साताऱ्याला वेण्णा, पुढे उरमोडी, उंब्रजला तारळी, कराडला कोयना, आणि सांगली जिल्ह्याचं टोक संपवून कोल्हापुरात शिरताना वारणा. दर अर्ध्यापाऊण तासाला एक पूल, आणि पावसाळ्यात प्रत्येक पुलाखाली गढूळ, भरलेलं पात्र.

हाच माणूस रेल्वेने गेला तर चित्र पालटतं. वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली, मिरज. तीच कृष्णा, तेच दोन जिल्हे, पण वाटेत नाव घेण्याजोग्या नद्या दोन-तीनच. कोरेगावच्या बाजूला वसना आणि तिळगंगा, भिलवडीच्या पुढे येरळा. उन्हाळ्यात खिडकीतून दिसते ती बहुतेक वाळू, खडे आणि वेड्या बाभळी.

याचं कारण साधं आहे. भुईंजच्या पुढे हायवे कृष्णेच्या उजव्या काठाने जातो आणि रेल्वे डाव्या काठाने. नदीचा उजवा-डावा काठ ठरवताना वाहत्या पाण्याच्या दिशेला तोंड करून उभं राहायचं असतं. कृष्णा साताऱ्यातून दक्षिणेला वाहते, म्हणून तिची उजवी बाजू पश्चिमेची, सह्याद्रीची; डावी बाजू पूर्वेची, शंभू महादेवाच्या डोंगरांची आणि माणदेशाची. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आलात की तो हजाराच्याही खाली येतो. आणखी पूर्वेला दहिवडी, आटपाडीकडे पाचशेच्या आतबाहेर. हा सगळा फरक शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या पट्ट्यात आहे. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आटपाडीच्या शेतकऱ्याला एवढा पाऊस वर्षभरात मिळाला तर तो साल चांगलं गेलं म्हणेल.

उपनद्या मुख्य नदीला काय देतात हे समजून घ्यायचं तर कृष्णेची ही उजवी बाजू डावीशी ताडून पाहण्यासारखी आहे. पण आधी मुळाकडे जाऊ.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्या इथे उगम पावतात अशी श्रद्धा आहे. भूगोलाच्या दृष्टीने मंदिर हे खूणगाठीचं ठिकाण झालं. खरा उगम आहे तो सगळं पठारच. पठाराच्या माथ्यावर जांभ्या दगडाची टोपी आहे. जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा. त्याच्याखाली काळा कातळ, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर. जांभ्यातून झिरपलेलं पाणी कातळापाशी अडतं, आडवं सरकतं आणि कड्याच्या कडेला जिथे वाट मिळेल तिथे झरा होऊन बाहेर येतं. पाऊस थांबल्यावरही पठाराच्या कडेचे झरे बरेच दिवस वाहत राहतात ते यामुळे. पठाराच्या कोणत्या उतारावर झरा फुटला यावर त्याचं पुढचं नशीब ठरतं. आर्थर सीटखालच्या दरीत उतरलेलं पाणी सावित्रीचं होतं आणि शंभरेक किलोमीटरांत अरबी समुद्राला मिळतं. पूर्वेच्या उतारावरचं पाणी कृष्णेचं होतं, त्याला बंगालचा उपसागर गाठायला तेराशे-चौदाशे किलोमीटर चालावं लागतं. सावित्रीचा उतार उभा, म्हणून तिचे ओहोळ कडा मागे मागे खात येतात. भूगर्भाच्या हिशेबात कृष्णेच्या माथ्याची जमीन हळूहळू कोकणाच्या खाती जमा होते आहे.

आता सर्व्हे ऑफ इंडियाचा पाटण तालुक्याचा नकाशा, ज्याला सगळे टोपोशीट म्हणतात तो, टेबलावर पसरा आणि हातात निळी पेन्सिल घ्या. सगळ्यात बारीक निळ्या रेषा शोधा, ज्यांना वरून कोणी येऊन मिळत नाही. या झाल्या पहिल्या श्रेणीच्या. जमिनीवर पाहिलं तर ती एखादी ओघळ असते, आषाढात खळखळणारी आणि दिवाळीला कोरडी. अशा दोन मिळाल्या की दुसरी श्रेणी. गावाच्या तोंडी हा 'ओढा'. दुसऱ्या श्रेणीचे दोन ओढे एकत्र आले की तिसरी. मात्र दुसऱ्या श्रेणीच्या ओढ्याला पहिल्या श्रेणीची ओघळ मिळाली तर बढती नाही, तो दुसऱ्याच श्रेणीत राहतो. अमेरिकन अभियंता रॉबर्ट हॉर्टन याने १९४५ साली ही मोजणी मांडली आणि आर्थर स्ट्रॅलर याने पुढच्या काही वर्षांत ती सोपी करून आजच्या रूपात आणली. हॉर्टनला त्यात एक नियम सापडला. श्रेणी एकेक वर चढते तशी प्रवाहांची संख्या साधारण तीन ते पाच पटीने घटत जाते. म्हणजे एखाद्या खोऱ्यात चौथ्या श्रेणीचा एक प्रवाह असेल तर त्याच्या पाठीशी पहिल्या श्रेणीच्या पन्नासएक ओघळी सहज निघतात. शाळेच्या नकाशात कोयनेला केरा, मोरणा आणि वांग अशा दोन-तीन उपनद्या दाखवलेल्या असतात. पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसाला पाटणपर्यंतच मोजता मोजता कंटाळा येतो.

या जाळ्यात आणखी एक गोष्ट लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. तारळी उंब्रजला कृष्णेला मिळते तिथे धबधबा नाही. वेण्णा माहुलीला मिळते तिथेही नाही. लिंगमळ्याला एवढी मोठी उडी घेणारी वेण्णा संगमावर मात्र कृष्णेच्या पातळीला अचूक पातळी लावून येते. जॉन प्लेफेअर या स्कॉटिश अभ्यासकाने १८०२ साली यावर बोट ठेवलं होतं. दऱ्या आधीच तयार असत्या आणि नद्या नंतर त्यांत येऊन पडल्या असत्या, तर जागोजागच्या उपनद्यांची तोंडं मुख्य नदीपेक्षा वर-खाली राहायला हवी होती. तशी ती नाहीत, याचा अर्थ प्रत्येक नदीने आपली दरी स्वतः कोरली आहे, आणि मुख्य नदी जसजशी खोल गेली तसतशी उपनदीही आपलं पात्र खाली नेत गेली. लहान नदीला आपल्या तोंडाची उंची स्वतः ठरवता येत नाही. सांगलीच्या पुराकडे आपण येऊ तेव्हा हीच गोष्ट फार महाग पडताना दिसेल.

तत्पूर्वी कराड. महाबळेश्वरहून निघालेली कोयना दोन डोंगररांगांच्या मधून दक्षिणेकडे जाते, हेळवाकला जवळजवळ काटकोनात पूर्वेला वळते, पाटणला केरा आणि मोरणा घेते आणि कराडला कृष्णेच्या समोर येऊन ठाकते. एरवी उपनदी तिरकी येते, मुख्य नदीच्या कलाने घेत मिसळते. इथे दोघी समोरासमोर येतात आणि मग एकत्र पूर्वेला वळतात. म्हणून हा प्रीतिसंगम. यशवंतराव चव्हाणांची समाधी याच काठावर आहे.

आता एक खोडसाळ प्रश्न. कराडनंतर या नदीला कृष्णाच का म्हणायचं? कराडच्या वर कृष्णेच्या बाजूची धरणं पाहा. धोम साडेतेरा टीएमसी, कण्हेर आणि उरमोडी प्रत्येकी दहाच्या आसपास, तारळी सहाच्या आत, बलकवडी चार. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. सगळी बेरीज चाळीस-पंचेचाळीसच्या घरात. एकट्या कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी आहे. धरणाचा आकार म्हणजे नदीचं पाणी नव्हे हे मान्य, पण अंदाज यायला एवढं पुरे. पाण्याच्या मापाने पाहिलं तर सांगलीच्या आयर्विन पुलाखालून वाहते ती बरीचशी कोयनाच. नाव मात्र कृष्णेचं टिकलं, कारण वाईचे घाट, माहुलीची देवळं, पोथ्यापुराणं तिच्या बाजूला आहेत. हे एकट्या कराडला घडलेलं नाही. प्रयागला यमुना गंगेपेक्षा जास्त पाणी घेऊन येते आणि तिथून पुढे तिचं नावही उरत नाही. अमेरिकेत ओहायो नदी मिसिसिपीला मिळते तेव्हा तिच्यात मिसिसिपीपेक्षा अधिक पाणी असतं. कोणती मुख्य आणि कोणती उपनदी, हे ठरवताना पाण्याला कोणी विचारलेलं नाही.

संगमाखाली नदी किती मोठी होते, याचंही गणित आपल्या अंदाजाला चकवतं. दोन सारख्या नद्या मिळाल्या तर पात्र दुप्पट रुंद व्हायला हवं असं वाटतं. लुना लिओपोल्ड आणि थॉमस मॅडॉक यांनी १९५३ साली अमेरिकेतल्या नद्यांची मापं एकत्र करून दाखवलं की तसं होत नाही. पाणी दुप्पट झालं की रुंदी साधारण १.४ पट होते, खोली १.३ पट, आणि वेग जेमतेम सात टक्क्यांनी वाढतो. तिघांचा गुणाकार केला की दुप्पट भरते. थोडक्यात, नवं पाणी नदी तिन्हीकडे वाटून घेते आणि जास्त भार रुंदी-खोलीवर टाकते. जिथे काठावर घरं, शेतं, पूल आहेत आणि पसरायला जागा ठेवलेली नाही, तिथे रुंदीचा वाटा उंचीवर जातो.

संगमाच्या नेमक्या जागी तळाशीही उलथापालथ चाललेली असते. दोन प्रवाह एकमेकांवर घासतात, भोवरे उठतात, आणि ते तळ उकरत राहतात. त्यामुळे संगमाशी बहुधा डोह असतो, आणि जवळच जिथे पाणी संथ होतं तिथे गाळाची मळी साठते. मळीची जमीन हक्काची, डोह धोक्याचा, हे नदीकाठच्या पोराला कोणी पुस्तकातून शिकवावं लागत नाही. दोघींचं पाणी लगेच एकजीवही होत नाही. ब्राझीलमध्ये मानाउस शहराजवळ काळी निग्रो आणि मातकट सोलिमोइस या नद्या कित्येक किलोमीटर शेजारी शेजारी, रंग न मिसळता वाहतात. आपल्याकडे पट्टा इतका लांब टिकत नाही, पण एका नदीच्या माथ्यावर पाऊस झाला आणि दुसरीच्या नाही, तर काठावरून दोन रंग ओळखता येतात.

डाव्या बाजूची गोष्ट लवकर सांगून होते, आणि त्यातच ती काय आहे ते कळतं. येरळा खटाव तालुक्याच्या डोंगरात उगवते, वडूजवरून कडेगाव, खानापूर, तासगाव अशी उतरते आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. लांबीला ती उजवीकडच्या कुणापेक्षाही फार कमी नाही. खोरंही मोठं आहे. नाही तो पाऊस. कधीतरी परतीच्या पावसात दोन दिवस दणकून येते, एरवी पात्रात बैलगाडी जाईल अशी. अग्रणी तिच्याहून कोरडी. ती खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ करत कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते. माणगंगा तर याच जिल्ह्यांत जन्मून, आटपाडीतून वाहूनही कृष्णेला इथे भेटत नाही. महादेवाच्या डोंगराच्या पलीकडे पडलेलं पाणी भीमेच्या हिश्श्याचं.

तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्राने ब्रह्मनाळचं नाव ऐकलं ते पुरामुळे. गावातून बाहेर पडणाऱ्यांची बोट उलटली आणि माणसं गेली. कृष्णा आणि येरळेच्या बेचक्यातलं हे गाव पाण्याने वेढलं गेलं. येरळेच्या खोऱ्यातून पूर येण्याची तिथे गरजच नव्हती. कृष्णा चढली आणि तिचं पाणी येरळेच्या तोंडातून उलटं आत घुसलं. याला इकडे फुगवटा म्हणतात. मुख्य नदीची पातळी वर गेली की उपनदीला बाहेर पडायला वाट राहत नाही. तिचं पाणी मागे तुंबतं, आणि ती रिकामी असेल तर मुख्य नदीच तिच्यात शिरते. आपल्या तोंडाची उंची लहान नदीच्या हातात नसते, ती ही अशी.

फुगवटा समजला की सांगलीचा पूर समजायला लागतो. १९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना खुशाली विचारण्याआधी "आयर्विनला किती झालं?" विचारतात. कितीला कुठे पाणी येतं हे लोकांना तोंडपाठ असतं. आधी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर. मग आकडा चढत गेला की बाजारपेठ, मारुती चौक. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, २०१९ ला ५७ च्या, आणि २०२१ ला पुन्हा ५४ च्या वर.

आता नकाशात पुलाची जागा पाहा. वारणा कृष्णेला मिळते हरिपूरला, आणि हरिपूर पुलाच्या खालच्या अंगाला तीन-चार किलोमीटरांवर आहे. म्हणजे वारणेचा एक थेंबही आयर्विन पुलाखालून जात नाही. तरी चांदोलीतून, म्हणजे वारणेच्या चौतीस टीएमसीच्या धरणातून, मोठा विसर्ग सुटला की सांगलीत काळजी सुरू होते. वारणा हरिपूरला भरून आली की कृष्णेची पुढची वाट अडते, पाणी मागे फुगतं आणि पुलावरचा आकडा चढतो. आणखी खाली, शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीला पंचगंगा येऊन मिळते. भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी यांचं पाणी घेऊन आलेली पंचगंगा भरलेली असेल तर आडकाठी दुहेरी. वाडीच्या दत्तमंदिरात पाणी चढून दक्षिणद्वार सोहळा होतो तेव्हा भाविक स्नानाला धावतात. सांगलीतला व्यापारी त्याच बातमीवर दुकानातला माल वरच्या फळीवर चढवायला घेतो. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद मी इथे मुद्दाम बाजूला ठेवतो, कारण तो चार ओळींत सांगण्यातला नाही. पण अलमट्टी बांधलं जाण्यापूर्वीही वारणा आणि पंचगंगा इथेच मिळत होत्या, एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

दुसरी गोष्ट उताराची. महाबळेश्वरच्या सुमारे १३०० मीटरांवरून कृष्णा वाईला येईपर्यंत निम्म्याने, सातशेच्या आसपास उतरते. कराड ५६०-५७० मीटरांवर आणि सांगली ५५० च्या आसपास. वरचं पाणी धावत येतं आणि खाली येऊन रांगायला लागतं. त्यात नद्यांच्या वेळा जुळल्या की मग काही खरं नाही. एरवी वेण्णेचा पूर ओसरत असताना कोयनेचा चढत असतो, आणि नदीला सगळ्यांचं पाणी पाळीपाळीने पुढे काढता येतं. सह्याद्रीवर महाबळेश्वरपासून चांदोलीपर्यंत एकाच वेळी चार-पाच दिवस पाऊस लागला की जत्रेच्या दिवशी सगळ्या गावांच्या एसट्या एकदम स्टँडवर याव्यात तशी गत होते. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीत पोहोचायला एका दिवसाहून अधिक वेळ लागतो. दरवाजे कधी आणि किती उघडायचे हा निर्णय म्हणून नाजूक असतो. आज उघडलं तर ते उद्या वारणेच्या पाण्याला गाठणार आहे की तिच्याआधी निघून जाणार आहे, हे आजच ठरवावं लागतं.

हरिपूरला या सगळ्याची एक वेगळी निशाणी आहे. सांगलीच्या हळदीसाठी इथे जमिनीत पेवं खोदत. वरून माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि आत पोटाला ऐसपैस अशी ही खोल कोठारं. हरिपूरची माती घट्ट, कोरडी. नदीने हजारो वर्षं आणून टाकलेल्या गाळाचीच ती देणगी. पेवातली हळद वर्षानुवर्षं टिकायची, तिला कीड लागत नसे. २००५ च्या पुरात पाणी या पेवांत उतरलं. हळद गेली, आतल्या भिंती ढासळल्या, आणि बहुतेक पेवं पुन्हा वापरात आली नाहीत. व्यापाऱ्यांनी गोदामं आणि शीतगृहांची वाट धरली. नदीने दिलेली माती नदीच घेऊन गेली नाही, पण तिचा उपयोग मात्र संपवला.

लहान प्रवाह मोठ्या नदीत काय आणतो याच्या यादीत सांगलीकराला शेरीनाल्याचं नाव घ्यावंच लागेल. नकाशाच्या हिशेबात तो एक ओढा. प्रत्यक्षात शहराचं सांडपाणी कृष्णेत नेणारा. त्याच्या योजना, निविदा, आंदोलनं यांवर एक जाडजूड पुस्तक होईल. पूर आला की फुगवट्याचा नियम शेरीनाल्यालाही लागू होतो, आणि नदीचं पाणी याच वाटेने शहरात शिरतं.

इथवर पाणी लहानाकडून मोठ्याकडे गेलं. गेल्या साठ-सत्तर वर्षांत माणसाने ही दिशा दोन्ही बाजूंनी बदलली आहे. कोयनेचं पाणी धरणातून बोगद्यांनी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला जातं, पोफळीच्या बाजूला वीज करतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे अरबी समुद्राला मिळतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, या पश्चिमेच्या वळणासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. उजव्या काठाच्या सगळ्यात श्रीमंत उपनदीचं एवढं पाणी कराडपर्यंत येतच नाही.

आणि जे येतं त्यातलं बरंचसं डाव्या काठाला चढवलं जातं. कराडच्या पूर्वेला, संगमाच्या थोडं खाली टेंभू आहे, गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव. तिथून कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळकडे नेतात. ताकारी आणि म्हैसाळ योजनाही तेच करतात. टंचाईत हे पाणी येरळेत आणि अग्रणीत सोडलं जातं, म्हणजे ज्या नद्या कृष्णेला पाणी पुरवायच्या त्यांना आता कृष्णा पुरवते, वीजबिलाच्या हिशेबाने. येरळेत सोडलेलं पाणी वाटेतल्या बंधाऱ्यांतून उरलं तर ब्रह्मनाळला पुन्हा कृष्णेत येईल. आटपाडीत माणगंगेत सोडलेल्याचा रस्ता मात्र निराळा. महाबळेश्वरच्या पठारावर पडून कोयनेतून कराडला आलेलं, टेंभूला उपसलेलं, महादेवाच्या डोंगराची पाणलोट-रेषा पंपाच्या जोरावर ओलांडलेलं हे पाणी कोल्हापुरी बंधाऱ्यांतून आणि विहिरींतून सुटलंच, तर पंढरपूर तालुक्यात भीमेला मिळतं, आणि भीमेबरोबर कृष्णेत परत येतं ते थेट रायचूरजवळ, वाटेत सांगली न पाहताच.